हात खाली येईपर्यंत

वर्ग संपला होता. सगळ्यांनी हात हलवून निरोप घेतला होता, पडद्यावरचे चौकोन एकेक करून विझले होते, आणि तो पियानोवरून उठून खांदे मोकळे करत होता, तेवढ्यात बायको रिकामा कप न्यायला खोलीत आली. जाता जाता तिनं पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, तुझा माइक बंद आहे."

"संपला ना वर्ग, म्हणून बंद केला," तो म्हणाला.

ती कप घेऊन निघून गेली. त्यानं माइक बंद केला नव्हता. म्हणजे, आत्ता केला नव्हता. वर्गाच्या सुरुवातीला शेजारच्या घरात कुणीतरी भिंतीला ड्रिल लावलं, तेव्हा खिडकी लावून घेण्यापुरता त्यानं तो बंद केला होता. खिडकी लावली, पडदा ओढला, येऊन बसला आणि बोलायला लागला. नंतर त्या बटणाला हात लावल्याचं त्याला आठवेना. तो पुन्हा पियानोसमोर बसला आणि सगळा वर्ग पहिल्यापासून डोळ्यांपुढून घालवू लागला, घरभर किल्ली शोधणारा माणूस पुन्हा पुन्हा त्याच खिशात हात घालतो तसा. बटण कुठंच सापडलं नाही. म्हणजे तो आख्खा वर्ग मुक्यानं बोलला होता. पियानो मुक्यानं वाजला होता. त्याहून वाईट म्हणजे त्यानं मध्येच व्हायोलिनवरच्या औषधवाल्याला सांगितलं होतं की तिसऱ्या ओळीत तुमचा गज उलटा जातोय, आणि औषधवाल्यानं मान डोलावली होती. त्यानं एक विनोदही केला होता. तसा बरा होता, आधी ठरवून ठेवलेला. थोरली आणि धाकटी दोघी बहिणी त्यावर हसल्या होत्या. टपालबाईंनी चेलोवर गज टेकवून, डोळे बारीक करून, नेहमीसारखं कौतुकानं त्याच्याकडे पाहिलं होतं. आणि मुख्य म्हणजे त्यानं हात वर केल्यावर सगळ्यांचे गज निघाले होते, शेवटच्या सुरापर्यंत गेले होते, आणि कुणीही, एकानंही, म्हटलं नव्हतं की सर, तुमचा आवाज येत नाही.

भीती म्हणावी तर ती कशाची, हे त्याला सांगता आलं नसतं. आपण रस्त्यानं बोलत चाललोय आणि बरोबरचा माणूस कधीच मागं थांबलाय, असं लक्षात आलं की कानामागं जशी लाज तापते, तसं काहीतरी.

या संध्याकाळच्या संगीतशाळेत तो इतकी वर्षं वाद्यवृंद शिकवत होता की रस्त्यातही लोक त्याला 'सर'च म्हणायचे, अगदी भाजीवालासुद्धा. इथं येणारी माणसं मोठी होती, दिवसभर पोटापाण्याचं उरकून यायची. औषधवाला दुकानाचं शटर ओढून यायचा आणि त्याच्या बोटांना खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास यायचा. थोरली आणि धाकटी या बहिणी एकाच स्टँडवर स्वरलेखनाचा कागद लावून व्हायोलिन वाजवायच्या, आणि पान कुणी उलटायचं यावरून दर आठवड्याला भांडायच्या. चष्मेवाला इंजिनिअरिंग शिकत होता, अंगापिंडानं दोन माणसांएवढा, आणि व्हायोलिनहून मोठा असूनही व्हायोला त्याच्या हनुवटीखाली खेळण्यासारखा दिसायचा. टपालबाई पोस्टातून निवृत्त झाल्या त्याच महिन्यात चेलो शिकायला आल्या होत्या. त्याच्यापेक्षा वयानं चांगल्याच मोठ्या, पण त्याला अहोजाहो करायच्या आणि 'सर' म्हणताना जरा ताठ बसायच्या. "आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली," त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "आता म्हटलं, जरा आपलं काहीतरी वाजवू." तेव्हा पितळी वाद्यं वाजवणारे होते, बासरीवाले नवराबायको होते, हॉल भरायचा. खुर्च्या ओढल्याचा आवाज, गजाला लावायच्या राळेची पांढरी भुकटी, सुरात लावताना होणारा तो सगळ्यांचा मिळून कल्ला. मग तो समोर उभा राहायचा आणि हात वर करायचा, आणि हॉल गप्प व्हायचा.

त्या क्षणासाठी तो हे काम करत होता. बाकीचं सगळं, सूर, बोटं, मोजणी, कुणीही शिकवू शकलं असतं. पण हात वर गेल्यावर तो नाकानं एक श्वास घ्यायचा, मोठा, ऐकू येईल असा, जरा घोरल्यासारखाच म्हणा ना, आणि त्या श्वासाबरोबर समोरची सगळी माणसं श्वास घ्यायची, आणि तो श्वास जिथं वळायचा तिथं पहिला सूर असायचा. एक-दोन-तीन म्हणायची गरजच नाही. नव्यानं आलेल्याला तो दोनच गोष्टी सांगायचा. श्वास माझ्याबरोबर घ्या. आणि माझा हात खाली येईपर्यंत थांबायचं नाही, काहीही झालं तरी. तार तुटली, कागद पडला, दिवे गेले तरी. एकदा खरंच दिवे गेले होते. अंधारात त्यांनी तुकडा शेवटापर्यंत वाजवला होता, आणि दिवे आले तेव्हा त्याचा हात खरंच अजून वर होता. सगळे हसले होते. घरी जाताना तो एकटाच रस्त्यानं हसत गेला होता.

मग साथ आली आणि सगळं बंद झालं. हॉलला कुलूप लागायच्या आधी एक दुपार त्याला मिळाली होती. त्या दुपारी रिकाम्या हॉलमध्ये पियानोवर बसून त्यानं तो संथ तुकडा, ज्याच्यावर वर्षभर मेहनत चालली होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला आणि फोनवर रेकॉर्ड केला, घरी सराव करायला सगळ्यांना एक आधार असावा म्हणून. फोन कुठं ठेवावा ते कळेना तेव्हा समोर पहिलीच खुर्ची होती त्यावर ठेवला. ती टपालबाईंची खुर्ची होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही. पहिले काही आठवडे सगळ्यांनी ते रेकॉर्डिंग कानाला लावून वाजवलं. मग त्यालाच ते आवडेनासं झालं. वर्ग पडद्यावर भरायला लागला होता, तो प्रत्यक्ष समोर होता, आणि हे लोक मेलेल्या पियानोबरोबर काय वाजवतायत? "आता ती कुबडी सोडा," त्यानं सांगून टाकलं, "मी इथं वाजवतोय, माझ्याकडे बघा."

पण पडद्यावरचा वर्ग म्हणजे गंमतच होती. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचायचा. सगळ्यांचे माइक चालू ठेवून एकदा वाजवून पाहिलं तर भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं झालं आणि धाकटी रडकुंडीला आली. तेव्हापासून सगळ्यांचे माइक बंद. तो वाजवणार, ते ऐकणार, आणि आपापल्या घरात त्याच्याबरोबर वाजवणार. तो मात्र त्यांचं काहीच ऐकणार नाही. त्याला फक्त गज दिसायचे, काचेपलीकडे कुणी भांडत असल्यासारखे, वर-खाली. आणि श्वास तर पोचतच नव्हता. चष्मेवाल्यानंच एकदा समजावून सांगितलं होतं. "सर, ते सॉफ्टवेअर बोलणं ठेवतं आणि बाकीचं गोंगाट समजून कापतं. तुमचा श्वास त्याला पंख्यासारखा वाटतो." तो हसला होता तेव्हा. इतकी वर्षं ज्याच्यावर पोट भरलं त्याला पंखा म्हणतायत, असं बायकोला सांगून तिलाही हसवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी हात वर केल्यावर त्यानं श्वास घेतला तेव्हा मध्येच त्याला स्वतःची लाज वाटली होती आणि तो श्वास अर्ध्यावरच सुटला होता.

तरी त्यानं हातपाय मारले नाहीत असं कुणी म्हणू नये. गळती लागली तेव्हा पहिल्यांदा बासरीवाले नवराबायको गेले. मग पितळी वाद्यंवाले एकेक करून, शेजाऱ्यांच्या तक्रारींचं निमित्त सांगून. उरलेल्यांना धरून ठेवायला त्यानं काय काय केलं! प्रत्येकानं आपल्या खिडकीबाहेरचं दाखवायचं, असा एक वर्ग घेतला. आपल्या वाद्याला कुठं कुठं जखमा आहेत ते दाखवायचं, असा एक घेतला, तो रंगला. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्यासाठी पियानोवर काहीतरी थट्टेचं वाजवायचं. ओळखा पाहू म्हणून सूर उलटे वाजवायचे. हे करताना आपण मुलांच्या पंगतीत टोपी घालून नाचणाऱ्या काकांसारखे आहोत असं त्याला वाटायचं. शिकवणं कमी आणि मनधरणी जास्त. कुणाचा चौकोन काळा झाला की तो उरलेले मोजायचा, आणि चौकोन पुन्हा उजळला की उगीचच आभार मानावेसे वाटायचे. शेवटी हे पाच राहिले. हे पाच मात्र कधी चुकले नाहीत. त्यांच्याकडे पाहून तो स्वतःला सांगायचा की पाच आहेत, दार उघडेपर्यंत हे पाच टिकले तर त्यांच्याभोवती पुन्हा उभं करता येईल. हे पाच माझं ऐकतायत तोवर सगळं संपलेलं नाही.

आणि आता हा माइक.

दुसऱ्या दिवशी शाळा चालवणाऱ्या मॅडमचा फोन आला. बाई स्वभावानं चांगल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नसे. त्यांनी आधी तब्येतीची चौकशी केली, मग हवापाण्याची, मग म्हणाल्या, "सर, आपण आता असं ठरवतोय की ज्या वर्गांना रेकॉर्डिंग पुरतं त्यांना रेकॉर्डिंगच पाठवायचं. उगाच सगळ्यांना पडद्यासमोर बसवून काय करायचं? डोळे गेले सगळ्यांचे. तुमचं तर रेकॉर्डिंग आहेच ना?"

"वाद्यवृंदाला रेकॉर्डिंग पुरत नाही, मॅडम."

"असं? मला त्यातलं काही कळत नाही हां. का पुरत नाही?"

मग त्याला उत्तर सापडलं, आणि सापडल्यावर ते इतकं साधं होतं की त्याला बरं वाटलं. "रेकॉर्डिंग थांबत नाही," तो म्हणाला. "कुणी चुकलं तरी ते आपलं पुढं जातं. मी थांबतो. मी हात खाली केला की सगळे थांबतात, मी सांगतो, आम्ही पुन्हा करतो. तेच शिक्षण. तुम्ही या ना पुढच्या वर्गाला. मध्येच मी त्यांना थांबवून दाखवतो. तुमच्या लगेच लक्षात येईल."

"येते की," मॅडम म्हणाल्या. "तसं दिसलं तर वर्ग ठेवू आपण. माझी काय ना आहे?"

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय पणाला लावलंय. कालच्या आधी त्यानं हे डोळे मिटून सांगितलं असतं. आता मात्र आपणच आपल्याला कोपऱ्यात ढकलल्यासारखं झालं. ते थांबतील का? तो मुका असताना ते वाजवत राहिले, ते का? त्याचीच शिकवण म्हणून, हात खाली येईपर्यंत थांबायचं नाही म्हणून? तसं असेल तर त्याला त्यांच्यापुढं वाकावंसं वाटलं. की त्यांचं लक्षच नव्हतं, गज नुसतेच हलत होते, एखाद्या कंटाळवाण्या पाहुण्यासमोर मान हलवावी तसे? दोन्ही खरं असू शकत होतं, आणि काचेतून दोन्ही अगदी सारखंच दिसलं असतं.

त्याला बाबा आठवले. बाबांचं काम बंदरात क्रेनला खाली उभं राहून खुणा करायचं. वर केबिनमध्ये बसलेल्याला खालचं ऐकू येत नसे, समुद्राचा वारा आणि यंत्रांची घरघर. तो फक्त बाबांचे हात पाहायचा. मूठ मिटली की थांब, बोट फिरवलं की वर घे, तळवा खाली दाबला की हळूहळू सोड. शाळेला सुट्टी असली की तो डबा घेऊन जायचा आणि लांब दोरीच्या अलीकडे उभा राहून पाहायचा. घरात ज्यांचं बायको ऐकत नाही, मुलं ऐकत नाहीत, त्या बाबांनी हात उचलला की घराएवढी पेटी हवेत उचलली जायची. "वरचा माझं ऐकत नाही," बाबा सांगायचे, "बघतो. ऐकण्यापेक्षा बघणं मोठं." पुढं वॉकीटॉकी आल्या. वरचा आणि जहाजावरचा एकमेकांशी थेट बोलायला लागले. बाबांना कुणी काढलं नाही, ते तसेच उभे राहायचे आणि खुणा करायचे. तो एकदा डबा घेऊन गेला तेव्हा पेटी खाली येत होती, आणि बाबांचा तळवा तिच्या मागून खाली येत होता. आधी नाही, मागून. त्याला ते तेव्हाच दिसलं होतं, पण काय दिसलं ते कळलं नव्हतं. वरच्यानं खाली वाकून ओरडून सांगितलं होतं, अगदी प्रेमानं, "काका, बसा हो जरा सावलीत!" बाबा बसले नाहीत. घरी आल्यावर आई म्हणाली, आज गप्प का, तेव्हा बाबांनी डाळीला मीठ कमी आहे असं म्हटलं.

त्या आठवड्यात त्यानं टपालबाईंना फोन केला. विचारायचं होतं ते असं की त्या दिवशी तुम्हाला माझा आवाज येत होता का. विचारलं ते असं की चेलोची खालची तार बदललीत का.

"बदलली की, सर. चष्मेवाल्यानं कुरिअरनं पाठवली. तो पोरगा सगळ्यांचं बघतो हो." मग म्हणाल्या, "तुम्ही बरे आहात ना? त्या दिवशी फार दमल्यासारखे वाटलात."

"नाही, ठीक आहे," तो म्हणाला. "पुढच्या वेळी मॅडम येणार आहेत. जरा नीट करू."

"अगदी नीट करू," टपालबाई म्हणाल्या. "काळजीच करू नका तुम्ही."

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "कसला विचार करतोयस?" त्यानं सांगून टाकलं. माइकचं, औषधवाल्याच्या डोलणाऱ्या मानेचं, मॅडमचं. ती कणीक मळत होती, तिचे हात थांबले नाहीत. "मला तर भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं," ती म्हणाली. "विनोदसुद्धा. चांगला होता." आणि मग त्याच्याकडे न बघता, "विचार ना सरळ त्यांना."

"काय विचारू? तुम्ही माझं ऐकता का, असं?"

"हो. असंच."

ते त्याच्यानं होणार नव्हतं. काही प्रश्न असे असतात की ते विचारायची वेळ आली यातच त्यांचं उत्तर आलेलं असतं, असं त्याला वाटत होतं. आणि त्याच वेळी, खोल कुठंतरी, तो हेही स्वतःशी म्हणत होता की थांबतील, का नाही थांबणार, माझीच माणसं आहेत.

वर्गाच्या दिवशी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. माइक चालू आहे का ते पाहिलं, पुन्हा पाहिलं. चौकोन उजळले. औषधवाला दुकानाच्या मागच्या खोलीत, बाटल्यांच्या फळ्यांपुढं. बहिणी एकाच चौकोनात, धाकटीचा अर्धा चेहरा नेहमीप्रमाणे कापलेला. चष्मेवाल्याची खोली, भिंतीला टेकवलेली सायकल. टपालबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाजवळ, चेलो मिठीत. आणि एक काळा चौकोन, मॅडम. "मी गप्प बसून बघते हां," काळ्या चौकोनातून आवाज आला, "तुमचं चालू द्या."

"नमस्कार, माझा आवाज येतोय ना सगळ्यांना?" त्यानं विचारलं. सगळ्यांनी अंगठे वर केले. त्याला हायसं वाटलं.

त्यानं उजवा हात वर केला, डावा पियानोवर. श्वास घेतला, आणि या वेळी लाजला नाही, पुरता घेतला, पंखा तर पंखा. सूर वाजवला. गज निघाले. पाचही गज एकदम, इतके एकदम की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो वाजवत गेला. पहिला भाग, मग जिथं चेलो एकटा उतरत जातो ती जागा. टपालबाईंनी मान एका बाजूला कलती केली, म्हणजे त्या जागेवर त्या आल्या होत्या. बरोबर आल्या होत्या. बघताय ना मॅडम, त्यानं मनात म्हटलं. मग ती चढण सुरू झाली जिथं सगळे मिळून वर जातात, आणि तिच्या ऐन मध्यावर, जिथं कुठलाही शहाणा माणूस थांबणार नाही अशा जागी, त्यानं पियानो सोडला आणि दोन्ही हात खाली केले, मांडीवर.

गज थांबले नाहीत.

त्याला वाटलं, आवाज पोचायला वेळ लागतो, आत्ता थांबतील. तो थांबला. खोलीत काहीच वाजत नव्हतं. औषधवाल्याचा गज वर चालला होता, बहिणींचे दोन गज एका दोरीला बांधल्यासारखे वर चालले होते, चष्मेवाल्याचं कोपर, टपालबाईंचा खांदा. ते चढणीच्या टोकाला पोचले आणि तिथं जो किंचित थांबा असतो, तो त्याचाच होता, त्यानंच शिकवलेला, कागदावर कुठं लिहिलेला नव्हता, तिथं पाचही जण किंचित थांबले आणि एकदम उतरायला लागले. त्यानं हात उचलून पुन्हा खाली केले, मोठे, बंदरातून दिसावेत असे. "थांबा," तो म्हणाला. "थांबा, थांबा." धाकटीनं पान उलटलं. थोरलीनं तिला कोपरानं ढोसलं. तेव्हा त्याला टपालबाईंच्या कानातली तार दिसली. बारीक काळी तार कानातून निघून पदराआड गेली होती. ती कॉम्प्युटरकडे जात नव्हती, टेबलावर पालथ्या ठेवलेल्या फोनकडे जात होती. मग त्यानं बाकीच्या चौकोनांत पाहिलं. प्रत्येक कानात तशीच तार होती. ती काही आज आलेली नव्हती.

तुकडा शेवटापर्यंत गेला. त्यांनी शिकवल्याप्रमाणे गज हवेत धरले, सूर विझेपर्यंत, आणि मग वाद्यं मांडीवर घेतली आणि त्याच्याकडे पाहिलं, प्रसन्न चेहऱ्यांनी.

"अहो, काय एकत्र!" काळ्या चौकोनातून मॅडम म्हणाल्या. "मला त्यांचं काही ऐकू येत नव्हतं, पण नुसतं बघूनच कळत होतं. तुम्ही मध्ये वाजवायचं थांबलात तरी त्यांचं चाललं होतं. कमाल आहे!"

टपालबाईंनी माइक चालू केला. "सर, चुकलं का काही? तुम्ही मध्येच हात खाली केलात असं वाटलं मला. पण पियानो तर चालू होता."

"कुठला पियानो?" त्यानं विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहायचा प्रयत्न केला, जे पडद्यावर कुणालाच जमत नाही. चष्मेवाल्यानं चष्मा सारखा केला. "सर, तुमचंच रेकॉर्डिंग. हॉलमधलं. म्हणजे तुम्ही सोडा म्हणालात तेव्हा सोडलं होतं आम्ही, पण मग जमेचना. इथं तुम्ही तुटक तुटक येता. कधी एक सूर गिळला जातो, कधी दोन. मग मी असं काहीतरी बसवलं की मी इथं दाबलं की सगळ्यांच्या फोनवर ते एकदमच सुरू होतं. तुम्ही हात वर केलात की मी दाबतो, आणि वाजवून होईपर्यंत इथला आवाज आम्ही बंद ठेवतो."

"आधी वाटलं तुम्हाला वाईट वाटेल," औषधवाला म्हणाला. "पण ते तुमचंच आहे ना, सर. दुसऱ्या कुणाचं थोडंच लावलंय?"

"त्यात तुमचा श्वास ऐकू येतो," टपालबाई म्हणाल्या. त्या ताठ बसल्या होत्या. "इथं येत नाही. त्यात सुरुवातीला तुम्ही श्वास घेता ना, तो अगदी मी माझ्या खुर्चीत बसलेय आणि तुम्ही समोर आहात असा येतो. खरं सांगू का? तेवढ्यासाठी मी आहे अजून. नाहीतर केव्हाच सोडलं असतं हो हे सगळं." आणि मग त्याला धीर द्यावा म्हणून, अगदी मनापासून, "त्या दिवशी तुमचा आवाज बंद होता तेव्हासुद्धा आमचं काही अडलं नाही. सांगणार होते मी, पण तुम्ही इतके रंगून बोलत होतात, म्हटलं कशाला थांबवायचं. तुमचा आवाज नसला तरी येतं आता आम्हाला, सर. तुम्ही अगदी निर्धास्त राहा."

राग यायला हवा होता. तो शोधत होता राग, पण कुणावर? त्यांनी कुणीही सोडलं नव्हतं. ते टिकले होते, एकत्र वाजवत होते, त्याच्याच श्वासावर वाजवत होते. जे त्याला हवं होतं ते सगळं झालं होतं, त्याच्यावाचून.

"मग काही प्रश्नच नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरंच आनंदाचा होता. "रेकॉर्डिंगवरच इतकं छान चाललंय तर सर, मी उद्यापासून तशी व्यवस्था करते. बाकीचे तुकडे पण तुम्ही असेच करून द्या. तुम्हालाही जरा विश्रांती."

"चालेल," तो म्हणाला. बाकीचे तुकडे कुठं करणार होता? हॉलला कुलूप होतं. ती खुर्ची कुलपाआड होती, आणि त्या दुपारी ज्या माणसानं तो श्वास घेतला होता, ज्याला वाटत होतं की महिन्याभरात सगळं सुरू होईल, तो आता श्वास घ्यायला उरला नव्हता. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. मॅडमचा काळा चौकोन गेला.

"सर, एकदा शेवटचं वाजवायचं?" टपालबाईंनी विचारलं. "तुमच्यासमोर."

त्यानं माइक बंद केला. या वेळी बटण कुठं आहे ते त्याला नीट माहीत होतं. पियानोकडे पाठ करून, सरळ उभं राहून त्यानं दोन्ही हात वर केले. चष्मेवाल्याचा अंगठा खाली गेला. आणि मग सगळ्या चौकोनांत, औषधांच्या बाटल्यांपुढं, सायकलीपुढं, स्वयंपाकघरात, पाचही जणांचे खांदे एकदम वर झाले. ते श्वास घेत होते, त्याच्याबरोबर. त्यानं घाईघाईनं श्वास घेतला. उशीर झाला होता. गज निघाले होते. तो त्यांना गाठायला हात हलवत राहिला, चेलोच्या जागेला मागून पोचला, चढणीला मागून, आणि त्या किंचित थांब्याला पोचला तेव्हा ते उतरायला लागलेले होते. शेवटचा सूर संपला. त्यांनी गज हवेत धरले, मग वाद्यं मांडीवर घेतली, हात हलवले. औषधवाला गेला, बहिणी गेल्या, चष्मेवाला गेला. टपालबाईंनी कानातली तार काढली, हळूच गुंडाळली, फोनवर ठेवली, आणि मग त्याही गेल्या.

बायको कप न्यायला आली तेव्हा त्याचे हात अजून वरच होते.